बाटलीवरचा शिक्का व नंजनगूडचे केळे

म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे पंचवीस किलोमीटरांवर, कपिला नदीच्या काठी नंजनगूड हे क्षेत्र वसलेले आहे. ‘नंजु’ या कन्नड शब्दाचा अर्थ विष. ते प्राशन करणाऱ्या शिवाचे, श्रीकंठेश्वराचे देवालय येथे असल्यामुळे गावास हे नाव पडले. यात्रेकरूंना गाव देवळामुळे ठाऊक असते. दक्षिणेतील कित्येक घरांत ते दंतमंजनाच्या पुडीवरून ठाऊक आहे, आणि फळांच्या बाजारात ते ‘रसबाळे’ नावाच्या केळ्यामुळे प्रसिद्ध आहे. हे केळे आकाराने मध्यम, सालीने पातळ, चवीस अतिशय गोड आणि सुगंधी असते. तामिळनाडूत ‘रसथाळी’ या नावाने जी केळी ओळखली जातात त्यांच्याच कुळातील ते आहे. नंजनगूडच्या काळ्या चिकण गाळमातीमुळे त्यास विशेष स्वाद येतो, असा तेथील शेतकऱ्यांचा दावा आहे. २००५-०६ साली कर्नाटक शासनाच्या फलोत्पादन खात्याच्या अर्जावरून भौगोलिक निर्देशनांच्या नोंदवहीत या केळ्याचे नाव दाखल झाले. त्या अन्वये अन्यत्र पिकलेल्या केळ्यास ‘नंजनगूडचे केळे’ म्हणून विकणे बेकायदेशीर ठरते.

केळ्यास मिळालेल्या या हक्काचा उगम द्राक्षांच्या मद्यात, म्हणजे वाइनमध्ये आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने द्राक्षवेलींची मुळे खाण्यास आरंभ केला आणि काही दशकांत देशातील बहुतेक मळे उजाड झाले. मद्याचा तुटवडा पडताच बाजारात भेसळीला ऊत आला. मनुका भिजवून, साखर व पाणी घालून केलेले पेय नामांकित गावांच्या नावाने खपू लागले. वाइन म्हणजे केवळ ताज्या द्राक्षांच्या रसापासून आंबवलेले पेय होय, अशी व्याख्या कायद्याने करण्याची पाळी फ्रेंच शासनावर १८८९ साली आली. १९०७ साली दक्षिण फ्रान्समधील द्राक्षबागाइतदार रस्त्यावर उतरले. अखेर १९३५ मध्ये उगमस्थानाच्या नियंत्रित नावांची पद्धती अस्तित्वात आली. कोणत्या हद्दीत, कोणत्या जातीची द्राक्षे, हेक्टरी किती उत्पन्नाच्या मर्यादेत आणि कोणत्या रीतीने तयार केलेल्या वाइनला ते नाव लावता येईल, हे त्या पद्धतीत एकेका गावासाठी ठरवून दिले जाते. रोगाने पीक घालवले, टंचाईने भेसळ आणली आणि भेसळीने शिक्का जन्मास घातला, असा हा क्रम आहे.

तथापि फ्रेंच बागाइतदाराच्या हाती शिक्क्याखेरीज आणखी एक साधन होते. अमेरिकन द्राक्षवेलीची मुळे ही कीड सोसू शकतात. म्हणून अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलीचे कलम बांधण्यात आले आणि मळे पुन्हा उभे राहिले. नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले त्या वेळी नावामागची वस्तू शाबूत होती.

नंजनगूडच्या केळ्याचे भाग्य एवढे थोर नाही. या कुळातील केळी ‘पनामा मर’ या रोगास लवकर बळी पडतात. हा रोग फ्युझेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ती मातीतून मुळात शिरते, खोडातील रसवाहिन्या बंद करते, पाने कडेकडून पिवळी पडतात, लोंबकळतात आणि झाड उभ्या उभ्या वाळते. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके टिकून राहतात व त्यांवर खात्रीचे औषध नाही. ज्या मुनव्यांपासून नवी लागवड होते ते मुनवेच रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात नेतात. विसाव्या शतकात मध्य अमेरिकेतील ‘ग्रो मिशेल’ या निर्यातीच्या केळ्याचा याच रोगाने १९६० च्या सुमारास व्यापारातून उच्छेद केला. केळ एकदल वनस्पती असल्यामुळे द्राक्षाप्रमाणे खोडावर कलम करण्याची सोय नाही. एकदल वनस्पतींतही गर्भावस्थेतील ऊती जुळू शकतात असे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ च्या अखेरीस दाखवून दिले खरे, परंतु प्रयोगशाळेतून शेतापर्यंतची वाट लांब आहे. रसबाळेची लागवड रोगामुळे आक्रसत गेली आणि नोंदवहीत नाव चढले ते अशा पडत्या काळात.

शिक्क्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी व कोणती ठेवू नये, हा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचा विचार वाइनच्या बाटलीवरूनच करणे सोयीचे आहे, कारण शिक्क्यांची जेवढी दाटी त्या बाटलीवर झाली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या खाद्यपेयावर आढळेल. त्यांतील काही शिक्के वस्तू कोठली हे सांगतात, काही ती कशी तयार झाली हे सांगतात. ग्राहक मात्र दोहोंवरून ती चांगली आहे असेच अनुमान काढतो.

‘सेंद्रिय’ हा शब्द पाहा. अमेरिकेत २००२ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय नियमांनुसार ‘सेंद्रिय वाइन’ म्हणवून घ्यावयाचे तर बाहेरून सल्फाइट घालता येत नाही. ते घातले, परंतु एकूण प्रमाण दशलक्ष भागांत शंभरांच्या आत ठेवले, तर बाटलीवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली’ एवढेच लिहिता येते. युरोपीय संघात २०१२ पर्यंत वाइन बनविण्याच्या क्रियेस सेंद्रिय नियमच नव्हते, त्यामुळे तेथेही हीच मर्यादित शब्दयोजना चाले. त्या वर्षी नियम झाले आणि सल्फाइटला मुभा मिळाली, मात्र साध्या वाइनपेक्षा कमी प्रमाणात : कोरड्या तांबड्या वाइनला लिटरमागे शंभर मिलिग्रॅम, पांढरीला दीडशे. परिणामी एकच बाटली अटलांटिकच्या पूर्वेस ‘सेंद्रिय वाइन’ असते व पश्चिमेस नसते. ऑस्ट्रेलियात निर्यातीच्या मालासाठी राष्ट्रीय मानक आहे, पण देशातल्या देशात विकावयाच्या मालावर हा शब्द वापरण्यास त्या मानकाचे बंधन नाही. सल्फर डायऑक्साइड हे वाइनला हवेने बिघडू न देणारे व जंतूंना आवर घालणारे द्रव्य आहे. थोडेसे तर आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःच निर्माण करते. म्हणजे वाद रसायनशास्त्राचा नसून व्याख्येचा आहे, आणि व्याख्या राज्याच्या सीमेवर बदलते.

सेंद्रिय म्हणजे फवारणीविना, हाही एक भ्रम. मोरचूद व चुना यांचे ‘बोर्डो मिश्रण’ नाशिकच्या प्रत्येक द्राक्षबागाइतदारास परिचित आहे. केवडा रोगावर ते १८८५ साली बोर्डो प्रांतात मिलार्डे यांनी प्रचारात आणले. हे मिश्रण सेंद्रिय शेतीस मान्य आहे, कारण ते कृत्रिम सेंद्रिय संयुगांत मोडत नाही. पण तांबे कुजत नाही. पिढ्यानुपिढ्या फवारलेले तांबे जमिनीतच साठते व गांडुळांना बाधते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलोग्रॅम, म्हणजे वर्षास सरासरी चार, अशी मर्यादा घातली. शिक्का येथे असत्य बोलत नाही. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न ग्राहकाच्या मनातला नसतो, एवढेच.

‘बायोडायनॅमिक’ या शिक्क्याची गोष्ट निराळी आहे. १९२४ च्या जूनमध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी कोबरविट्झ येथे दिलेल्या आठ व्याख्यानांतून ही पद्धती निघाली आणि १९२८ साली ‘डेमेटर’ हे व्यापारचिन्ह आले. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरावे, वसंतात काढून चिमूटभर पाण्यात तासभर ढवळावे व शेतावर शिंपडावे. गारेच्या पुडीचेही तसेच. खतात यारो, कॅमोमाइल, ओकची साल यांची तयार मिश्रणे घालावीत, असे विधी या पद्धतीत सांगितले आहेत. डेमेटरच्या शिक्क्यास सेंद्रिय शेतीच्या साऱ्या अटी प्रथम पाळाव्या लागतात, व त्यांवर ही विधाने चढतात. कॅलिफोर्नियातील युकाया गावाजवळच्या एका द्राक्षमळ्यात अनेक वर्षे सेंद्रिय व बायोडायनॅमिक पट्टे शेजारी शेजारी राखून तुलना करण्यात आली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिल्या सहा वर्षांत जमिनीच्या गुणांत फरक दिसला नाही. जे चांगले मळे या चिन्हाखाली चालतात ते कंपोस्ट, आच्छादन पिके व बागाइतदाराची रोजची नजर यांच्या बळावर चालतात, असे मानण्यास भरपूर आधार आहे. शिंगाच्या बळावर चालतात असे मानण्यास तो नाही. शिंग पुरले की नाही हे निरीक्षक पाहू शकतो आणि त्याचा दाखला प्रामाणिकपणे देऊ शकतो. त्याने काय साधले याचा दाखला तो देत नाही, आणि हे अंतर शिक्क्यावर छापलेले नसते.

याउलट फळाचीच तपासणी करावी तर तीही पुरी पडतेच असे नाही. नाशिकच्या निर्यात द्राक्षांसाठी २००६ पासून प्रत्येक बागेची नोंद व प्रत्येक खेपेची अवशेषतपासणी करणारी ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था चालू झाली. पद्धती उत्तम होती. तरी २०१० साली क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष युरोपात सापडले आणि मालाच्या खेपा अडकल्या, कारण ते द्रव्य येथील तपासणीच्या यादीतच नव्हते. प्रयोगशाळा जे शोधते तेच तिला सापडते. पुढे यादी वाढविण्यात आली. ही चूक कबूल करता आली व दुरुस्त करता आली, हा मापनावर उभ्या असलेल्या शिक्क्याचा मोठा गुण होय.

भारतात सेंद्रिय मालास आज दोन वाटा आहेत. २००१ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्रयस्थ संस्था तपासणी करते. निर्यातीस ती आवश्यक, पण लहान शेतकऱ्यास तिचा खर्च व कागद झेपत नाहीत. शिवाय परदेशाची मान्यता परदेशाच्या मर्जीवर असते. अमेरिकेने २०२१ साली आपली मान्यता काढून घेतली तेव्हा याचा प्रत्यय आला. दुसरी वाट सहभागी हमी पद्धतीची, जीत शेजारचे पाच किंवा अधिक शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात. देशांतर्गत विक्रीसाठी तिला मान्यता आहे. शेजारी शेजाऱ्यास सांभाळून घेईल हा तिच्यावरील आक्षेप खोटा नाही. परंतु रात्री कोणाच्या शेतात पंप चालतो हे वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकापेक्षा शेजाऱ्यास अधिक ठाऊक असते, हेही तितकेच खरे आहे.

नंजनगूडसारख्या ठिकाणी हीच शेजाऱ्यांची पद्धती उपयोगी पडण्यासारखी आहे, आणि तीही सेंद्रियतेपेक्षा रोपांच्या शुद्धतेसाठी. भौगोलिक निर्देशनाविषयी आपल्याकडे जी तक्रार ऐकू येते ती निराळीच असते. १९९५ पासून अमलात आलेल्या जागतिक व्यापारकरारात वाइन व मद्यार्क यांच्या नावांस इतर मालाहून अधिक संरक्षण आहे. ‘अमुक गावाच्या धर्तीची’ असे लिहिले तरी वाइनच्या बाबतीत ते निषिद्ध ठरते, केळ्याच्या बाबतीत मात्र ग्राहकाची फसवणूक झाल्याचे दाखवावे लागते. हा भेद अन्याय्य आहे व तो जावा, यात शंका नाही. पण तो उद्या गेला तरी कपिलेच्या काठी एकही केळ अधिक उगवणार नाही. नोंदवहीतील नाव दर दहा वर्षांनी शुल्क भरून पुढे चालविता येते, शेतात त्या केळ्याची किती झाडे उभी आहेत हे त्यासाठी कोणी मोजत नाही.

मोजणी तेथे व्हावी. नाव लावू इच्छिणाऱ्याने मुनवे कोठून आणले, ते ऊतिसंवर्धनाने केलेल्या निरोगी रोपांचे आहेत की शेजारच्या मरग्रस्त बागेतले, त्या जमिनीत पूर्वी केव्हा मर रोग दिसला होता, मध्यंतरी पाणी साठवून भात घेतला होता काय, या गोष्टी गटाने लिहून ठेवाव्यात आणि नावाचा हक्क त्या नोंदीशी बांधावा. फलोत्पादन खात्याकडे अर्जदार म्हणून नाव आहेच. निरोगी रोपांचा पुरवठा व रोगाची नोंद हे काम त्याने त्याच जबाबदारीचा भाग म्हणून पत्करावे. यातील कोणतेही काम दिखाऊ नाही. फ्रेंच गावांच्या नियमपुस्तकांतही वेलींची जात, अंतर व उत्पन्न यांचीच पाने भरलेली असतात.

महाराष्ट्रासही हा विषय दूरचा नाही. जळगावच्या केळ्यास २०१६ साली भौगोलिक निर्देशन लाभले. तेथील बसराई व ग्रँड नैन या कॅव्हेंडिश कुळातील जाती पनामा मर रोगाच्या जुन्या प्रकारास दाद देत नाहीत, म्हणून खानदेश निर्धास्त राहिला. परंतु त्याच बुरशीचा ‘उष्ण प्रदेशातील चौथा वंश’ म्हणून ओळखला जाणारा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार व उत्तर प्रदेशात येऊन पोहोचला आहे. मालमोटारीतून येणाऱ्या मुनव्यांच्या मुळांना लागलेल्या मातीवर कोणताच शिक्का नसतो.