गाणं वाजलं, पण मालक कोण?

सध्या कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी 'आर्टिस्ट' आहे. कुणी रॅप लिहितो, कुणी लॅपटॉपवर बीट बनवतो, कुणी खोलीत चारी बाजूंनी सोलापुरी चादरी टांगून गाणं रेकॉर्ड करतो. स्वप्न बघायला कारणही आहे. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' देशभर वाजलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने आणलं. सिनेमा नाही, हिरो नाही, तरी मराठी गाणं हिट!

मग आपलं का नाही होणार? होऊ शकतं. पण गाणं चालणं वेगळं आणि गाण्यावर घर चालणं वेगळं. या दोन्हींच्या मध्ये एक कागद असतो. आपण तो न वाचता सही करून टाकतो, तिथेच घोळ होतो.

दिवसभरात गाणं किती?

'इंडी' म्हणजे पाठीशी मोठी कंपनी नाही. म्हणजेच कंपनीची सगळी कामं तुमच्याच गळ्यात. कव्हरचं डिझाइन करा, डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरा, गीतकार-संगीतकाराची नावं नीट टाका, रील कापा, आयोजकाला 'सर, पेमेंटचं काय झालं?' म्हणून चौथ्यांदा मेसेज करा. एवढं उरकल्यावर वेळ उरला तर रियाज.

इतकं करून पैसे किती? स्ट्रीमिंगमध्ये 'एका प्ले'चा ठरलेला दर नसतो. अॅपकडे जमलेल्या पैशातून, एकूण ऐकल्या गेलेल्या गाण्यांत तुमचा वाटा जेवढा तेवढी रक्कम मिळते. आपल्याकडे बहुतेक जण फुकटच, जाहिरातींसकट ऐकतात, त्यामुळे तो वाटा आणखी बारीक होतो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला, मागच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर रेकॉर्डिंगचे पैसे शून्य. शिवाय त्याच वर्षी रेसो आणि विंक ही अॅप्स भारतात बंद झाली. म्हणजे दुकानंही कमी झाली.

आणि वरातीत वाजलं तर? गाणं रोज रात्री जुळे सोलापूरपासून अक्कलकोट रोडपर्यंत डीजेवर दणाणत असेल, पण लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सोहळे यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. नाव भरपूर होईल, खात्यात काही येणार नाही.

सही करण्याआधी

म्हणूनच कुणी 'दहा हजार घे, गाणं आमच्या चॅनेलवर टाकू' म्हणालं की हात शिवशिवतात. एकरकमी पैसे दिसतात आणि पुढचं दिसत नाही. अशा वेळी एक गोष्ट माहीत हवी. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता. त्यानुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही. सही केली तरी तो हक्क उरतो.

याच कायद्यात अजून दोन तरतुदी आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आता कळलं ना, करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगासाठी' हे शब्द का घुसवलेले असतात? ते दिसले की तिथे थांबायचं आणि विचारायचं.

पण हक्क आहे म्हणून पैसे आपोआप घरी येत नाहीत. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल, दुसरी रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगचे पैसे डिस्ट्रिब्युटरकडून येतात. शब्द आणि चालीचे गोळा करायला आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिथे सभासद व्हावं लागतं आणि गाणं नोंदवावं लागतं. यूट्यूबवरून स्वस्तात घेतलेली बीट असेल तर तिचं लायसन्सही वाचा. तीच बीट अजून पन्नास जणांना विकलेली असू शकते. मग गाणं चाललं की क्लेम येतो आणि कमाई दुसऱ्याकडे जाते.

आपली मातीच गाणारी

सोलापूरला कलाकार नवे नाहीत. पेशवाईतले शाहीर राम जोशी इथलेच. शाहीर अमर शेख बार्शीचे. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचं घराणं मंगळवेढ्याचं. आज तर एकाच चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ऐकू येते. असं भांडवल पुण्या-मुंबईच्या रॅपरकडे कुठंय?

रोजचा खर्च आजही सुपारीवरच भागतो. गॅदरिंग, गणपती, जयंती, लग्नाची संगीत संध्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पण सुपारी म्हणजे त्या रात्रीची मजुरी. घसा बसला, सीझन संपला की ती थांबते. गाण्याची मालकी मात्र झोपेतही कमावते, थोडी का होईना.

तेव्हा रिलीजच्या आधी एक संध्याकाळ काढा. कुणी काय लिहिलं, चाल कुणाची, बीट कुणाची, रेकॉर्डिंगचा मालक कोण आणि कुणाला किती टक्के, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मित्र आहोत म्हणून टाळू नका. उलट मैत्री टिकावी म्हणूनच लिहा. गाणं आपटलं तर त्या कागदाचा त्रास कुणालाच नाही. गाजलं तर भांडण वाचेल.

आपल्या चादरीचं नाव दुसऱ्या कुणी लावू नये म्हणून या शहराने जीआय मानांकन मिळवलं. विणणाऱ्यांना नावाची किंमत कळली होती. ती आता गाणाऱ्यांनाही कळायला हवी.