बेथेल का उभे राहिले?

धर्मांतराची एखादी बातमी आली की गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांत संतापाची लाट उसळते. परदेशी पैसा, आमिष, भोळेभाबडे वनवासी, झोपलेले सरकार हे ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने येतात, निषेधाचे पत्रक निघते आणि आठवड्याभरात सारे विसरले जाते. हा संताप निराधार आहे असे नव्हे. शाळा, दवाखाने आणि कर्ज यांचा धर्मांतरासाठी कसा उपयोग केला जातो, हे न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ सालीच मध्य प्रदेश सरकारपुढे मांडले होते. धर्मप्रचाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार नव्हे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निर्वाळाही सर्वांना पाठ आहे. पण पाठांतराने कोणाचे पोट भरत नाही आणि कोणाला पाणवठाही मोकळा होत नाही.

या संदर्भात मुंबईतल्याच एका जुन्या प्रकरणाची उजळणी आवश्यक आहे. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि गिरगावातील आंब्रोळी हे स्कॉटिश मिशनचे ठाणे बनले. या मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वय जेमतेम बारा. एवढ्या लहान मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हा धर्मप्रचार नव्हता, ती बालमनाची सरळसरळ लूट होती. वडील न्यायालयात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात परत आला.

येथवर हिंदू समाजाची बाजू निर्विवाद होती. पुढे जे घडले ते मात्र मान खाली घालायला लावणारे आहे. परत आलेल्या त्या पोराला पंक्तीत घ्यायचे की नाही, यावर मुंबईचा ब्रह्मवृंद दुभंगला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन त्याला सामावून घ्यावे म्हणून उभे राहिले, तर सनातनी मंडळींनी त्यांच्यावरच शस्त्र उगारले. म्हणजे मिशनऱ्यांच्या दारातून न्यायालयाने सोडवून आणलेले मूल स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर अडले! जाण्याची वाट रुंद आणि येण्याची वाट बंद, असा हा व्यवहार होता. तो ज्यांनी चालवला त्यांना विल्सनसाहेबांना दोष देण्याचा अधिकार कितपत उरतो?

थोरला भाऊ नारायण मात्र परतला नाही. धर्मोपदेशक होऊन तो निजामाच्या मुलखात, जालन्याला गेला. आज बियाण्यांच्या उद्योगासाठी नाव कमावलेला हा परिसर तेव्हा मुंबईच्या सुशिक्षितांच्या गावीही नव्हता. तेथे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसवले. तेथे वस्तीला आलेल्यांत मुख्य भरणा होता तो मांग आणि गावाने अस्पृश्य मानलेल्या इतर कुटुंबांचा. या माणसांना बायबलातील कोणते वचन आधी पटले, याचा शोध घेण्याची फारशी गरज नाही. त्यांना कसायला जमीन मिळाली, मुलांना पाटी मिळाली आणि उपदेशकाने त्यांना शेजारी बसवले. मोबदल्यात पूर्वजांचा देव मागितला गेला, हा त्या सेवेतला डाग आहे आणि तो पुसता येणार नाही. परंतु तीच जमीन, तीच पाटी विनामोबदला देण्यासाठी गिरगावातून दुसरा कोणता नारायण तेव्हा निघाला होता?

मिशनऱ्यांना उत्तर देता येत नव्हते असेही नाही. १८५७ च्या प्रारंभी विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी उघड्यावर त्यांच्याशी वाद घालत होते आणि श्रोत्यांची गर्दी लोटत होती. गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात विद्या शिकले आणि १८४१ साली त्यांनी स्वतःच्या छापखान्यात चक्क पंचांग छापले! (मिशनच्या विद्येला यापेक्षा मिस्कील उत्तर सापडणे कठीण.) पण वादविवाद आणि पंचांग शिकलेल्यांच्या कामाचे. जालन्याच्या मांगवाड्याला त्यांचा उपयोग नव्हता.

खरे उत्तर उशिरा आले, आणि ते परळने दिले. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी विठ्ठल रामजी शिंदे यांनी तेथे निराश्रित साह्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. संस्थेच्या इंग्रजी नावात त्यांनी ‘मिशन’ हा शब्द जाणीवपूर्वक घेतला. ते केवळ शाळा काढून थांबले नाहीत, सहकुटुंब त्या कामात उतरले. त्यांना साथ देणाऱ्यांत सुधारक होते, दानशूर व्यापारी होते. धर्म बुडाल्याची हाकाटी करणारे त्यांच्या शाळेकडे फिरकले नाहीत.

पुढच्या काळात चित्र काही अंशी बदलले. तलासरीत माधवराव काणे यांनी वनवासी मुलांसाठी आयुष्य वेचले. परळच्या नाना पालकर स्मृती समितीत गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे आप्त निवारा घेतात. तेथे श्रद्धा बदलण्याची अट घातली जात नाही. अशा कामांना देणग्या मिळतात, जुने कपडे मिळतात, दिवाळीचा फराळही मिळतो. मिळत नाही तो माणूस. आश्रमशाळेला गणिताचा शिक्षक हवा असतो, दवाखान्याला पाच वर्षे टिकणारा डॉक्टर हवा असतो. दादरच्या घरातील डॉक्टर मुलाचा ‘व्हिसा’ आला की पेढे वाटले जातात, आणि त्याने जव्हार-मोखाड्याचे नाव काढले तर आई पदर डोळ्यांना लावते. याच घरांत धर्मांतराविरुद्धचा आवाज सर्वांत चढा असावा, हा विरोधाभास किती काळ झाकून ठेवायचा?

देवगिरी एक्स्प्रेसने रात्री दादरहून निघालेला प्रवासी पहाटे जालन्याला उतरतो. गेल्या पाच वर्षांत आपला मुलगा किंवा मुलगी अशा कामासाठी वर्षभर तरी पाठवणारी कुटुंबे किती, हा आकडा प्रत्येक नगर कार्यवाहाने पुढील बैठकीत मांडावा. निषेधाचा ठराव त्यानंतर घ्यावा.