ट्रिप, प्रेम वगैरे

लालबागच्या माझ्या रूममेटला कांजिण्या आल्या आणि मी चक्क पळाले! लॅपटॉप आणि चार कपडे घेऊन थेट दादरला, मैत्रिणीकडे. ‘काही लागलं तर मेसेज कर हं’, हेही दारातूनच सांगितलं.

दादरला एका लेखासाठी गॉर्डन हॉलबद्दल वाचत होते. हा अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आला, मराठी शिकला. १८२६ मध्ये धर्मप्रचाराच्या ट्रिपवर नाशिकला पोचला, तर तिथे कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. पुस्तकं वाटायला गेलेल्या हॉलने जवळची औषधंही वाटली. परतीच्या वाटेवर त्यालाच कॉलरा झाला. २० मार्चला तो गेला. वय अवघं ४१.

त्याचा धर्म माझा नाही, धर्मप्रचारही मला पटतोच असं नाही. पण देवाचं प्रेम वगैरे म्हणतात, ते प्रवचनात नाही, त्या औषधांच्या पुडीत असावं.

आणि मी? मला तर कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्यात!

संध्याकाळी दहीभात घेऊन लालबाग गाठलं. दार उघडून ती म्हणाली, ‘चार्जर विसरलीस ना?’