गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

सदर-गड्डीगोदामच्या वस्त्यांत आम्ही पाहतो, लोहाच्या गोळ्या संपतात तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. मग बाईलाच बोल लागतो, "गोळ्या खात नसशील." हे आम्हाला मान्य नाही. विदर्भात सिकलसेल तपासतात, ते योग्यच. पण सिलिॲकचाही विचार व्हावा. या आजारात गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होते, लोह अंगी लागत नाही. जुलाब नसले तरी हा आजार असू शकतो. डॉक्टरांना टीटीजी-आयजीए रक्ततपासणीबद्दल विचारा. त्याआधी पोळी बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्टमध्ये दिसणार नाही. निदान पक्के झाले, तर गहू, रवा, मैदा कायमचे बंद. ज्वारीची भाकर, भात चालतो. ही तपासणी प्रत्येक सरकारी दवाखान्यात मोफत मिळालीच पाहिजे. जय भीम!