अर्धं पाकीट डब्यात ठेवू नका : पाचगणीकरांना जाहीर आवाहन



स्ट्रॉबेरीची तोडणी सुरू झाली की माझ्या औषधाच्या दुकानात एक मागणी वाढते. बाई पायरीपाशीच थांबते. काउंटरवरचे पुरुष निघून जाईपर्यंत साबणाच्या वड्या बघत राहते. मग पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणते, "ताई, उन्हाळी लागलीय. मागच्या वेळची ती गोळी दोन द्या." मुठीत जुन्या पाकिटाचा कातरलेला तुकडा असतो. कापताना औषधाचं नाव अर्धं गेलेलं असतं, आणि मुदतीची तारीख तर त्या तुकड्यावर नसतेच.

त्या तुकड्यासाठी हे आवाहन लिहिते आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण गोळी शेवटी हातात पडते ती माझ्या हातून, म्हणून बोलणं माझं काम आहे.

उन्हाळी म्हणजे अंगात उष्णता वाढली, असं आपण मानतो. धण्याचं पाणी, सब्जा, वाळा घालून ठेवलेला माठ, हे सगळं त्यासाठीच. त्यानिमित्तानं पोटात पाणी जातं, ते चांगलंच. पण लघवीला सारखं जावंसं वाटत असेल, थेंब-थेंब होत असेल, जळजळत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर बहुतेक वेळा मूत्रमार्गात जंतू शिरलेले असतात. त्यातला सगळ्यात नेहमीचा ई. कोलाय. तो आपल्याच आतड्यात राहतो. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्याला मूत्राशय गाठायला फार लांब जावं लागत नाही. त्यात दिवसभर गादीवाफ्यात वाकून फळ तोडणाऱ्या बाईला आडोसा नसतो. म्हणून ती पाणीच पीत नाही, आणि आलेली लघवी संध्याकाळपर्यंत रोखून धरते. इथल्या थंडीत तहानही जाणवत नाही. शेतमालकांना इथंच हात जोडून सांगते : बांधाला पत्र्याचा आडोसा आणि पाण्याची टाकी, एवढं केलंत तर माझ्याकडे येणाऱ्या बायका कमी होतील. मला ते हवं आहे.

आता मागच्या वेळच्या गोळीबद्दल. मागच्या वेळी जे झालं होतं तेच आता आहे, हे कशावरून? जळजळ मुतखड्यानेही होते. अंगावरून पांढरं जाऊन खाज येत असेल तर ती बुरशी असू शकते, आणि अँटिबायोटिक घेतल्यावर ती उलट जोर धरते. समजा तोच आजार असला, तरी जंतू तोच राहिलेला नसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) वर्षानुवर्षांचे अहवाल सांगतात की मोठ्या रुग्णालयांत तपासलेल्या नमुन्यांत ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं आणि नव्या पिढीतली कित्येक सेफॅलोस्पोरिन बहुतेक वेळा चालेनाशी झाली आहेत. उलट १९५३ पासून वापरात असलेली नायट्रोफ्युरँटोइन आणि पाण्यात विरघळवून घ्यायची फॉस्फोमायसिनची पुडी अजून बऱ्यापैकी काम करतात. हाताशी शाबूत राहिलेली औषधं इतकी मोजकी आहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात १२ लाखांहून जास्त माणसं गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२२ मध्ये छापला.

औषध नसणं म्हणजे काय, हे पाचगणीला तरी दुसऱ्याने सांगायला नको. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली इथं बेल-एअर आरोग्यधामाची सुरुवात केली, ती क्षयाच्या रोग्यांसाठी. तेव्हा क्षयावर गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. सह्याद्रीची हवा, अंडी-दूध आणि सक्तीची विश्रांती, एवढाच उपचार. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. आणि ते एकटंच वापरलं तर काही महिन्यांत जंतू त्याला सरावतात, आधी सुधारलेला रोगी पुन्हा ढासळतो, हे १९४८ पर्यंत डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून क्षयाला आजही एकाच वेळी अनेक औषधं देतात आणि एकही दिवस चुकू देत नाहीत. क्षयाची गोळी बुडवायची नाही, हे आपल्या गावात आजीबाईंनाही माहीत आहे. मग उन्हाळीची गोळी दोन दिवसांत सोडताना आपल्याला काहीच का वाटत नाही?

तेव्हा जळजळ सुरू झाली की आधी डॉक्टर. अंगात ताप, हुडहुडी, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलटी किंवा लघवीत रक्त असेल तर त्याच दिवशी जा. जंतू मूत्रपिंडापर्यंत चढल्याची ती खूण असू शकते. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, लघवीची नळी बसवलेला माणूस आणि कोणताही पुरुष यांनी घरी थांबूच नये. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर सांगितलं तर नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्या. एक गोळी पोटात गेली तरी अहवाल फसू शकतो. धार सुरू झाल्यावर मधली लघवी लॅबच्याच निर्जंतुक डबीत घ्या. लोणच्याची धुतलेली बरणी चालत नाही. नमुना घाट उतरून वाईला किंवा साताऱ्याला जाणार असेल तर गाडी किती वाजता निघते ते विचारा, आणि तोवर तो फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. दरम्यान डॉक्टर अंदाजाने एक औषध देतील आणि अहवाल पाहून कदाचित बदलतील. त्यात त्यांची चूक नसते, तीच योग्य रीत आहे.

डॉक्टरांसमोर लाज बाजूला ठेवून तीन गोष्टी सांगा : दिवस गेलेत का किंवा तशी शक्यता आहे का, पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का, आणि सध्या घरात कोणत्या गोळ्या चालू आहेत. मूत्रपिंड अशक्त असेल तर नायट्रोफ्युरँटोइन चालत नाही, बाळंतपण जवळ आल्यावरही देत नाहीत. सल्फाची ॲलर्जी असलेल्याला कोट्रायमोक्साझोल धोक्याचं. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतलं तर साखर एकदम खाली येऊ शकते.

आणि हे दुधाचं. "गोळी गरम पडते" म्हणून घरोघरी अँटिबायोटिक दुधाबरोबर किंवा ताकाबरोबर देतात. देणाऱ्या सासूबाईंचं मन चांगलंच असतं. पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन या गोळ्या दुधातल्या कॅल्शियमला पोटातच चिकटतात आणि रक्तात पुरेशा उतरतच नाहीत. गोळी खाल्ली, पैसे गेले, आणि जंतूला फक्त तोंडओळख झाली. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी, कॅल्शियम, झिंक आणि ॲसिडिटीचं पांढरं औषध यांचंही तसंच. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी साध्या पाण्याबरोबर, या सगळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. नायट्रोफ्युरँटोइनचं उलटं आहे : ती भरल्या पोटी घ्यायची, म्हणजे मळमळ कमी होते आणि औषध अंगी लागतं. तिने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. ते पाहून घाबरून औषध सोडू नका. फॉस्फोमायसिनची पुडी बहुधा एकदाच घ्यायची असते. "एकाच पुडीनं काय होणार?" म्हणून दुसरी मागायला येऊ नका. जळजळ शमवायचं सायट्रेटचं सिरप बरं वाटायला लावतं, जंतू मारत नाही, आणि काही अँटिबायोटिकबरोबर ते मुळीच घेऊ नये. म्हणून तेही विचारूनच.

दिवसातून दोनदा म्हणजे बारा-बारा तासांनी. सकाळी आठला घेतलीत तर दुसरी रात्री आठला, तोडणीवरून परत आल्यावर संध्याकाळी नव्हे. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या वेळेला टेकली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम नकोत. बहुतेकींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, आणि तिथंच पाकीट डब्यात जातं. डॉक्टरांनी तीन दिवस लिहिले असतील तर तीन, पाच असतील तर पाच. कमी नाही, आणि भीतीने जास्तही नाही. मधल्या काळात पुरळ उठलं, ओठ किंवा चेहरा सुजला, दम लागला तर गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. टाचेमागची शीर दुखू लागली किंवा पातळ जुलाब थांबेनात, तरी पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा.

निवासी शाळांच्या मेट्रनबाईंना वेगळी विनंती आहे. मुंबई-पुण्याचे आई-वडील फोनवर गोळीचं नाव सांगतात आणि तुम्ही चिठ्ठीविना माणूस पाठवता. मुलांचा डोस वजनावर ठरतो, फोनवर ठरत नाही. मुलीला डॉक्टरांकडे न्या. आणि स्वच्छतागृहाला कडी, पाणी आणि मधल्या सुट्टीत पुरेसा वेळ आहे ना, एवढं बघा.

पाकिटावरची उभी लाल रेघ सगळ्यांनी पाहून ठेवा. ती असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हा कायदा आहे. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन अशी औषधं तर २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. डॉक्टरांचं आणि रोग्याचं नाव आम्हाला वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. माझ्या व्यवसायातल्या बांधवांनो, त्या वहीत खोटं नाव लिहू नका. समोरची बाई शेजारच्या गल्लीतली असते, आणि उद्या तिला ताप चढला की तिच्यावर चालणारं औषध आपल्याच फळीवर शोधायचं असतं.

तुमच्या घरी डब्यात आत्ता अर्धं पाकीट असेल, तर ते जावेला, शेजारणीला देऊ नका आणि पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. माझ्याकडे आणून द्या. चिठ्ठीशिवाय आलात तर मी गोळी देणार नाही. राग मानू नका. जवळ कोणते डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतात ते सांगेन, आणि पुरुषांची गर्दी असेल तर आतल्या बाकावर बसवून बोलेन. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. चिठ्ठी घेऊन या.