अप्रिय माणसाची वकिली

२०२४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस उल्हासनगरच्या स्मशानभूमींत एका तरुणाचें प्रेत पुरण्यासाठीं खड्डा खणण्यांत आला. ही गोष्ट समजतांच आसपासच्या कांहीं रहिवाशांनीं तो बुजवून टाकला. शेवटीं पोलिसांनीं विरोधकांस दूर केलें व कडक बंदोबस्तांत प्रेत मातीआड झालें. तत्पूर्वीं बदलापूर आणि अंबरनाथ येथेंही या दफनास विरोध झाला होता, आणि जागेसाठीं आईबापांस उच्च न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें होतें. कल्याणपुढील लोहमार्गावर ओळीनें वसलेल्या या तीन शहरांत ज्याला साडेतीन हात जमीन मिळेना, तो मनुष्य बदलापूरच्या शाळेंतील प्रकरणाचा आरोपी होता.

त्याच्यावरील आरोप अत्यंत किळसवाणा होता, हें आम्ही प्रथमच सांगून टाकतों. शाळेंत सफाईचें काम करणाऱ्या या इसमानें दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केला, असा तो आरोप होता. फिर्याद नोंदविण्यांत पोलिसांनीं दिरंगाई केली. पालकांस ठाण्यांत तासन्‌तास तिष्ठत बसावें लागलें. तेव्हां २० ऑगस्ट रोजीं संतप्त नागरिकांनीं बदलापूरचें स्थानक व्यापून टाकलें आणि गाड्या कित्येक तास बंद पडल्या. त्या संतापाशीं आमचा कांहींएक वाद नाहीं. तो संताप झाला नसता तर आम्हांस आमच्या शेजाऱ्यांची लाज वाटली असती.

आमचा वाद आहे तो पुढच्या प्रकाराशीं. २३ सप्टेंबर रोजीं तळोजाच्या तुरुंगांतून पोलीस त्यास गाडींतून नेत असतां मुंब्र्यानजीक तो गोळी लागून मेला. त्यानें पोलिसाचें पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ त्याच्यावर गोळी झाडावी लागली, असें सांगण्यांत आलें. बदलापुरांत पेढे वाटले गेले, फटाके उडाले. मुंबईंत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. गांवाच्या नांवावरची ही कोटी अनेकांस फार आवडली. खरें सांगावयाचें तर त्या सायंकाळीं बातमी ऐकून क्षणभर आमच्याही मनास बरें वाटलें. म्हणूनच हा लेख लिहिणें आम्हांस प्राप्त झालें आहे.

अशा प्रसंगीं जो कोणी आरोपीच्या हक्कांविषयीं तोंड उघडतो त्यास आपल्या सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतून एकच प्रश्न विचारला जातो : ‘मानवी हक्क काय ते गुन्हेगारांनाच? त्या पोरींना नाहींत?’ या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या उभ्या आयुष्यांत सांपडतें असा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रांत, सासवड येथें जन्मला होता. त्यांचें नांव न्यायमूर्ति विठ्ठल महादेव तारकुंडे.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी. १९५७ सालीं ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६९ सालीं न्यायासन सोडून त्यांनीं दिल्लीस वकिली आरंभिली. आणीबाणींतील स्थानबद्धांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तेव्हां स्थानबद्धांच्या बाजूनें उभे राहिलेल्या वकिलांत ते होते. एखाद्या पोलिसानें वैयक्तिक वैरापोटीं कोणास ठार मारलें तर त्यावर इलाज काय, असें न्यायमूर्ति खन्ना यांनीं त्या खटल्यांत सरकारी पक्षास विचारलें. आणीबाणी आहे तोंवर इलाज नाहीं, असें उत्तर मिळालें! २८ एप्रिल १९७६ रोजीं पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना तेवढे विरुद्ध राहिले. त्याच वर्षीं जयप्रकाशांच्या पुढाकारानें जी संघटना निघाली आणि पुढें पी. यू. सी. एल. या नांवानें ओळखली गेली, तिच्या संस्थापकांत तारकुंडे प्रमुख होते.

येथवरची वकिली पुष्कळांस मानवण्यासारखी होती. स्थानबद्धांत मोठमोठे पुढारी होते. खरी कसोटी १९७७ नंतर लागली. आंध्रांत पोलिसांशीं ‘चकमक’ होऊन मेलेल्या नक्षलवाद्यांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष झाले. नक्षलवाद्यांचा हिंसेचा मार्ग त्यांस मुळींच मान्य नव्हता. तरीही १९७५ सालीं गिरायपल्लीच्या रानांत तरुणांस झाडांस बांधून गोळ्या घातल्या गेल्या, हें समितीनें स्पष्टपणें लोकांपुढें मांडलें. ज्याचें मत आपणांस पटत नाहीं व ज्याच्यासाठीं कोणी अश्रु ढाळणार नाहीं, त्याचाही खटला न्यायालयांतच चालला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. प्रिय माणसांच्या हक्कांस रक्षक लागत नाहीं. तो लागतो अप्रियांच्या हक्कांस.

आतां दिवाणखान्यांतील प्रश्नाकडे वळूं. त्या मुलींचे हक्क या गोळीनें सांभाळले गेले काय? आरोपी मेल्यानें त्याच्यावरचा खटलाच संपला. गुन्हा पुराव्यानिशीं शाबीत होणें आणि शिक्षा भर न्यायालयांत ठोठावली जाणें, हा त्या मुलींचा हक्क होता. तो कायमचा बुडाला. शिवाय विसंगति पहा ! ज्या पोलीस खात्यानें साधी फिर्याद लिहून घेण्यास इतका वेळ लावला म्हणून आपण रुळांवर उतरलों, त्याच खात्याच्या हातीं महिनाभरानें आपण न्यायाधीशाचें आणि फांसी देणाराचें काम आनंदानें सोंपविलें.

‘खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, मग लोकांनीं करावें तरी काय?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. परंतु त्यावरचा उपाय अधिक न्यायाधीश, तत्पर तपास आणि जलद सुनावणी हा होय. वैद्य उशिरा येतो म्हणून कोणी रोग्याच्या गळ्यावर सुरी ठेवीत नाहीं.

येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. मुंबईंत १९९५ ते १९९७ या काळांत झालेल्या ९९ चकमकींत सुमारें १३५ माणसें मेलीं. त्याविरुद्ध पी. यू. सी. एल.नें चालविलेल्या खटल्यांत, अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी कशी व्हावी याचे नियम सर्वोच्च न्यायालयानें घालून दिले. त्या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षांनीं, त्याच दिवशीं, मुंब्र्याची गोळी सुटली !

पुढें न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशींत पांच पोलिसांस या मृत्यूबद्दल जबाबदार धरण्यांत आलें. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नाहींत, असेंही नमूद झालें. हा चौकशीचा निष्कर्ष आहे, न्यायालयाचा निकाल नव्हे. जो हक्क मृतास नाकारला गेला तो त्या पांच जणांस अवश्य मिळावा. २०२५ च्या फेब्रुवारींत आईबापांनीं खटला पुढें चालविण्याची आपली इच्छा नसल्याचें सांगितलें, तरी उच्च न्यायालयानें प्रकरण सोडलें नाहीं. ७ एप्रिल रोजीं विशेष पथकाकडून तपासाचा आदेश झाला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत गेलें; मे महिन्यांत त्या न्यायालयानें, पथक राज्याच्या पोलीस महासंचालकांनीं नेमावें, एवढा फेरफार करून तपास कायम ठेवला.

उल्हासनगर हें शहर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन राहिलेल्या निर्वासितांनीं वसविलें. आपल्या पूर्वजांचीं स्मशानें मागें टाकून येणें म्हणजे काय, हें या मातीइतकें कोणास ठाऊक असणार? तो खड्डा बुजविल्याबद्दल आम्ही कोणा एका गांवास वा जमातीस दोष देत नाहीं. कोणी फावड्यानें, कोणी पेढ्यानें आणि आमच्यासारख्यांनीं मौनानें त्यांत माती लोटली.

त्या मुली उद्यां मोठ्या होतील आणि विचारतील : आमच्या बाबतींत काय घडलें, हें न्यायालयांत सिद्ध झालें होतें काय? ‘बदला पुरा’ झाला, यावांचून त्यांस सांगण्यासारखें आपणांपाशीं कांहींही नाहीं.