पाटी लिहिणारा हात

एडगर थर्स्टन नावाचा इंग्रज अधिकारी १८८५ ते १९०८ या काळात मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा प्रमुख होता. दक्षिण भारतातल्या जातीजमातींवरचा त्याचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ साली निघाला. आपला एक अनुभव त्यानेच नोंदवून ठेवला आहे. वायनाडमधल्या पणिया आदिवासींच्या वस्तीत तो गेला, तेव्हा तिथल्या बायका पळत सुटल्या. त्यांची समजूत अशी झाली होती, की हा साहेब आपल्यातल्या चांगल्या धडधाकट बायका निवडणार, त्यांच्यात पेंढा भरणार आणि मद्रासच्या संग्रहालयात नेऊन उभ्या करणार.

ही गोष्ट विनोद म्हणून सहज खपून जाईल. मला मात्र वाटतं, संग्रहालय म्हणजे काय हे त्या बायकांना पुरतं कळलं होतं. थर्स्टन पेंढा भरत नव्हता हे खरं, पण तो लोकांची डोकी आणि नाकं मोजत होता. संग्रहालय बघायला आलेल्या लोकांनाही त्याने या मोजणीत घेतलं. बघायला आलेला माणूसच बघण्याची वस्तू झाला.

नाक मोजून वंश ठरवायचा आणि वंशावरून जातीचा दर्जा, हे खूळ त्या काळी शास्त्र म्हणून मिरवत होतं. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापांचेच आकडे समोर ठेवले. एकाच प्रांतातला ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरावेत असा फरक त्या आकड्यांत नाही, हे त्यांनी दाखवलं. अस्पृश्यतेचं मूळ वंशात आहे हा सिद्धांत तिथे कोसळला. आकडे मोजणाऱ्यांचे होते, पण या वेळी ते वाचणारा माणूस मोजल्या गेलेल्यांपैकी होता. तेवढ्याने अर्थ बदलला.

संग्रहालयांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते याच्याशी जोडलेलं आहे. आपल्या देशातल्या प्रादेशिक संग्रहालयांत आपली माणसं तीन ठिकाणी सापडतात. काचेच्या पेटीत, ‘शेतकरी’, ‘कोळीण’, ‘मोची’ अशा नावांच्या मातीच्या बाहुल्या होऊन. पेटीबाहेर, फरशी पुसताना आणि दारावर पहारा देताना. आणि वस्तूच्या आत, म्हणजे जिने ते लुगडं विणलं, ज्याने ती घंटा ओतली, त्या बिननावाच्या हातांत. चौथी जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची संचालकाची खोली. तिथे आपण क्वचितच असतो.

या खोलीत नेमकं काय चालतं हे आपल्या घरांत कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून सांगते. संग्रहालयाच्या प्रमुखाला आपण जुन्या वस्तूंचा राखणदार समजतो. सरकारी मराठीतला ‘अभिरक्षक’ हा शब्दही तेच सुचवतो. प्रत्यक्षात ही निवाड्याची खुर्ची आहे. काय विकत घ्यायचं आणि कोणाकडून, किती पैसे द्यायचे, कोणती वस्तू दालनात लावायची आणि कोणती गोदामात ठेवायची, पाटीवर काय लिहायचं, दार कधी उघडायचं, हे सगळं तिथे ठरतं. शंभर वर्षांनी ‘आपली संस्कृती’ म्हणून जे ओळखलं जाईल, त्याची निवड तिथल्या फायलींवर आज होत असते.

मी कुठल्याही संग्रहालयात गेले की चित्राआधी पाटी वाचते. पाटी काय करू शकते याचं मधुबनी हे चांगलं उदाहरण आहे. १९६६-६७ च्या दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. भिंतींवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद मिळाला, कागदाला गिऱ्हाईक मिळालं. पण सुरुवातीला ज्यांची नावं देशभर गेली त्या बहुतेक ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या होत्या. पुढे सत्तरच्या दशकात दुसाध समाजाच्या बायका कागदाकडे वळल्या. त्यांनी गोंदणाच्या नक्षीतून आपली वेगळी ‘गोदना’ शैली उभी केली, आपल्या राजा सलहेसाच्या कथा रंगवल्या. चानो देवींचं नाव या शैलीशी जोडलेलं आहे. दुलारी देवी मल्लाह समाजाच्या. नामवंत चित्रकर्तींच्या घरी त्या धुणीभांडी करत, तिथेच चित्र शिकल्या आणि २०२१ साली पद्मश्रीपर्यंत पोचल्या. एवढा सगळा जातीचा इतिहास ज्या चित्रांत आहे, त्यांच्याखाली ‘मधुबनी, लोककला, बिहार’ एवढंच लिहिलं की तो पुसला जातो. खोटं काहीच लिहिलेलं नसतं, फक्त खरं गाळलेलं असतं.

इथे हमखास कोणीतरी म्हणतं, कलेला जात नसते. नसेलही. पण दालनांना असते. एका दालनात चित्रकाराचं नाव, जन्मवर्ष, चित्राचं शीर्षक. शेजारच्या ‘लोक व आदिवासी’ दालनात फक्त जमातीचं नाव, जणू सगळ्या जमातीने मिळून एकाच हाताने ते चित्र काढलं. पहिल्याला कलावंत म्हणायचं आणि दुसऱ्याला परंपरा, ही उतरंड आपल्या चांगली ओळखीची आहे.

ही उतरंड एका संग्रहालयाने मोडायचा प्रयत्न केला होता. भोपाळचं भारत भवन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी सुरू झालं. त्यातल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाचे संचालक होते चित्रकार जगदीश स्वामिनाथन. त्यांनी कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या मध्य प्रदेशातल्या गावोगावी पाठवल्या, चित्रं आणि वस्तू गोळा केल्या आणि आदिवासी कलावंतांचं काम शहरी आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने, एकाच छताखाली लावलं. आदिवासी हा आपला भूतकाळ नाही, तो आपला समकालीन आहे, ही त्यामागची भूमिका होती.

त्या शोधात पाटनगढ गावचा जनगढ सिंह श्याम हा परधान तरुण सापडला. परधान म्हणजे गोंडांच्या देवांची आणि वंशांची गाणी बाना वाजवत गाणारा समाज. विदर्भातही तो आहे. जनगढ भोपाळला आला, भारत भवनाच्या छापचित्र विभागात काम करू लागला आणि गाण्यातले देव त्याने ठिपक्यांत आणि रेषांत उतरवले. १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्याचं काम लागलं. आज ‘गोंड चित्र’ म्हणून जे जगभर ओळखलं जातं ते या एका माणसाच्या हातून सुरू झालं. जाणकार त्याला ‘जनगढ कलम’ म्हणतात. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भुरीबाई तर याच भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होत्या. स्वामिनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. २०२१ साली त्याही पद्मश्री झाल्या.

एका संचालकाचा एक निर्णय किती लांब जातो पाहा. जनगढचे मेहुणे सुभाष व्याम आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई व्याम यांनी पुढे ‘भीमायन’ रेखाटलं. २०११ साली निघालेल्या या चित्रपुस्तकात बाबासाहेबांची तहान, त्यांना नाकारलेलं पाणी आणि नाकारलेला निवारा परधान रेषेत उतरला आहे.

पण भोपाळची गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होईल. स्वामिनाथन १९९० साली भारत भवनातून बाहेर पडले, १९९४ साली वारले. २००१ च्या जुलैत जनगढने जपानमध्ये, निगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियममध्ये आत्महत्या केली. चित्रं काढायला तो तिथे गेला होता. करार काय होता, मोबदला किती ठरला होता, परत यायचं झालं तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न भारतातल्या कलावंतांनी तो गेल्यानंतर विचारले. जाण्याआधी हे विचारणं ज्याचं काम आहे असं एकही कार्यालय त्याच्या पाठीशी नव्हतं. जगभरच्या भिंतींवर ज्याचं नाव होतं, त्याच्या बाजूने वाचला जाईल असा कागद नव्हता.

स्वामिनाथन यांचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण मोठ्या मनाचा माणूस निवृत्त होतो, बदलून जातो, मरतो. आपल्याला बाबासाहेबांनी उपकार आणि हक्क यांतला फरक शिकवला आहे. तो संग्रहालयालाही लावला पाहिजे. संचालक चांगला निघाला म्हणून भुरीबाईंना कागद मिळाला. तो तसा निघाला नसता तर त्या विटाच वाहत राहिल्या असत्या, आणि आपल्याला त्यांचं नावही कळलं नसतं. अशा किती जणी राहिल्या याचा हिशेब कुठल्याही नोंदवहीत नाही.

म्हणून संग्रहालय चालवणाऱ्यांकडे आपल्या मागण्या सरळ असाव्यात. वस्तू घडवणाऱ्याचं नाव माहीत असेल तर ते पाटीवर हवं. माहीत नसेल तर वस्तू कोणत्या गावातून, कोणत्या साली, कशी मिळवली, विकत घेतली की उचलून आणली, हे हवं. जिवंत कलावंताशी करार त्याला समजेल त्या भाषेत व्हावा. त्याचं चित्र पिशव्यांवर आणि कपांवर छापलं तर त्याला वाटा मिळावा. संग्रहालयाच्या नियामक मंडळावर त्या समाजांचे लोक मत देण्याच्या अधिकाराने बसावेत, उद्घाटनाच्या दिवशी नाचायला बोलावण्यापुरते नकोत. आणि दार. रोजंदारीवरच्या माणसासाठी दहा ते पाच ही वेळ म्हणजे एका दिवसाची मजुरी. आठवड्यातून एक संध्याकाळ उघडं राहणं हे संग्रहालयाला अवघड नाही.

यावर उत्तर मिळतं, की संग्रहालयाला तज्ज्ञ लागतात. लागतातच. चामडं कोणत्या हवेत तडकतं, माठ कुठे फुटतो, सूत कशाने कुजतं, हे जाणणारी माणसं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या ज्ञानाला संग्रहालयाने तज्ज्ञाचं मानधन देऊन बोलवावं. पण म्हणून चांभाराच्या मुलीने चामड्याच्याच दालनात काम करावं असं मी म्हणत नाही. ती तर जातीचीच सोय झाली. तिने मुघल लघुचित्रांचं दालन सांभाळावं, चोळांच्या कांस्यमूर्तींवर प्रबंध लिहावा, आणि वेळ आली की संचालकाच्या खुर्चीत बसावं.

वस्तू जपणं आपल्याला नवीन नाही. नागपूरजवळच्या चिचोलीत, शांतिवनात, वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जतन केल्या. मोठी संग्रहालयं आपल्याकडे पाहत नव्हती तेव्हा आपल्या माणसांनी कोट आणि टाइपरायटर सांभाळून ठेवले, कारण हा इतिहास आहे हे त्यांना कळत होतं. ही जाण आहे. तिला पद आणि अधिकार मिळायचे राहिले आहेत.

तुमच्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. पदवीनंतर काय, या प्रश्नावर आपल्याकडे स्पर्धा परीक्षा, बी.एड., बँक एवढीच उत्तरं फिरतात. संग्रहालयशास्त्र हे नाव त्या यादीत येत नाही, कारण ते कोणी आपल्यापर्यंत पोचवलंच नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे. कोलकाता विद्यापीठात हा विषय शिकवला जातो. इतिहास, पुरातत्त्व, ललित कला, मानवशास्त्र शिकलेल्यांना या क्षेत्रात वाट आहे. रसायनशास्त्राच्या पदवीधरांना जतन-प्रयोगशाळेत. सरकारी संग्रहालयांतली अनेक पदं लोकसेवा आयोगांमार्फत भरली जातात आणि तिथे आरक्षण लागू असतं. खासगी न्यासांच्या संग्रहालयांत ते नाही. सरकारी ठिकाणीही काम सल्लागार आणि कंत्राटी माणसांकडे सरकलं की आरक्षण कागदावर राहतं. म्हणूनच पदं रिकामी आहेत का आणि किती, हे माहितीच्या अधिकारात विचारत राहायला हवं.

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला लोक अजून ‘अजब बंगला’ म्हणतात. संग्रहालय ही तोंडात बोट घालून बघायची जागा आहे, हे त्या नावातच आलं. आपले आईवडील तसे बघून आले. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा पाट्या वाचा. कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, वस्तू कुठून आली, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर बाहेर पडताना अभिप्राय वहीत आपल्या नावासह तो प्रश्न लिहून ठेवा. सरकारी संग्रहालय असेल तर माहितीचा अर्जही करा. आणि अभिरक्षकाच्या पदाची जाहिरात निघाली तर हे आपल्यासारख्यांचं काम नाही असं म्हणून पान उलटू नका. पात्रता बसते का बघा, आणि बसत असेल तर अर्ज भरा.